आधी पावसाळा, मग विसार

२४ ऑगस्ट २०२०, सोमवार. संध्याकाळच्या वेळी महाडच्या काजळपुऱ्यातली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी खाली आली. १६ माणसं गेली. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा १९ तासांनी जिवंत बाहेर आला आणि सारा महाराष्ट्र त्या बातमीपाशी थबकला. इमारत जुनी, मोडकळीला आलेली नव्हती. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. त्यात राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घालून, कर्ज काढून ती घरं घेतली होती.

बरोबर दोन दिवसांनी, २६ ऑगस्टला, राज्य मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर केली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ३ टक्के कमी आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के कमी. कर्जाचे व्याजदर तेव्हा कित्येक वर्षांच्या नीचांकावर होते. करोनाने मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कोंडून घातलेला चाकरमानी गावी परतला होता आणि 'आपलं म्हणून गावाकडे एक घर हवंच' हे त्याला नव्याने पटलं होतं. जो तो सांगत होता, घर घ्यायला यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नाही.

सवलत संपून चार महिनेही झाले नव्हते, तोवर २२ जुलै २०२१ उजाडला. महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथे उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडात उतरली. गांधारीही फुगलेली होती. महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावच्या वाडीवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडींनी मिळून ११ जणांचा बळी घेतला.

या तीन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, की घर कधी घ्यावं या प्रश्नाचं आपल्या मुलखातलं खरं रूप दिसतं. बाजाराच्या हिशेबाने जी वेळ सर्वांत चांगली, त्याच वेळी घेतलेलं तळमजल्याचं घर पहिल्याच पावसाळ्यात पाण्याखाली गेलं असेल, तर त्या वेळेला चांगली कशी म्हणायची? ३० लाखांच्या घरावर ३ टक्क्यांची सवलत म्हणजे ९० हजार रुपये. एकदा घरात पुरुषभर पाणी चढलं, की गाद्या, कपाटं, फ्रीज, वायरिंग, दारांच्या चौकटी आणि रंग यांतच ती सवलत धुऊन निघते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महाड-पोलादपुरात घराची वेळ दरावरून ठरवू नये. ती जमिनीवरून, कागदांवरून आणि आपल्या घरच्या हप्त्याच्या ताकदीवरून ठरवावी. आणि एक पूर्ण पावसाळा त्या घराने, त्या जागेने आपल्या डोळ्यांदेखत काढल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही कुणाच्या हातावर ठेवू नये.

भाव चढतोय, म्हणजे काय होतंय?

पोलादपूर हे महामार्गावरचं गाव. मुंबईहून येणारा रस्ता इथून पुढे कशेडीकडे चढतो आणि दुसरा फाटा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातो. महाड इथून वीसेक किलोमीटरवर. तिथे औद्योगिक वसाहत, मोठी बाजारपेठ, दवाखाने, कॉलेज. कोकण रेल्वे दोन्ही गावांना टाळून वीर, करंजाडी, विन्हेरे अशा स्टेशनांवरून निघून जाते. म्हणजे इथल्या घराच्या भावाला खरा आधार रस्त्याचा, कारखान्यांतल्या नोकऱ्यांचा आणि मुंबईतून येणाऱ्या निवृत्तीच्या पैशाचा.

रस्त्याच्या आशेवर इथे एक अख्खी पिढी जमिनीचे व्यवहार करत आली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. 'हायवे झाला की दुप्पट' हे वाक्य तेव्हापासून चहाच्या टपरीपासून वकिलाच्या कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. कशेडीच्या बोगद्यातून पहिल्यांदा गाड्या धावल्या त्या २०२३ च्या गणपतीत, तेही एकाच बाजूने. २०११ मध्ये या वाक्यावर विसंबून कर्ज काढून प्लॉट घेतलेल्या माणसाने बारा वर्षं नुसतं व्याज मोजलं. रस्ता होणार हे खरंच होतं. कधी होणार, ते कुणाच्याच हातात नव्हतं, आणि हप्त्याची तारीख तर दर महिन्याला येतच होती.

आता अटल सेतू झाला, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. पनवेल-उरणचे आकडे ऐकून पोलादपुरातला जमीनमालकही आपला आकडा वाढवून सांगतो. पण विमानतळापासून इथवर दीडशेच्या आसपास किलोमीटर अंतर आहे आणि मधे पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावं ओळीने उभी आहेत. तिथला भाव तो तिथला.

छोट्या गावातला भाव मुळात फसवा असतो, कारण व्यवहार मोजके असतात. मुंबईत एकाच इमारतीत वर्षाला दहा घरं विकली जातात, त्यामुळे भावाचा अंदाज बांधता येतो. इथे एखाद्या आळीत वर्षभरात दोन व्यवहार होतात. त्यातला एक भावाभावांतला असतो आणि दुसरा पुण्याच्या पाहुण्याने हौसेपोटी केलेला. त्या हौसेचा आकडा मग गावचा भाव होऊन बसतो. तेवढ्याच भावाने आपण विकायला गेलो, की मात्र गिऱ्हाईक मिळायला दोन-दोन वर्षं लागतात. कागदावर चढलेला भाव आणि हातात येणारा पैसा यांत इथे मोठं अंतर पडतं.

खरा भाव बघायचा तर सोपी वाट आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर किंवा मिळकत क्रमांक घालून आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू पाहता येतात. त्यात मोबदल्याची नोंदलेली रक्कम असते. शेजारच्या चार-पाच मिळकतींचे इंडेक्स टू काढून बघितले, की एजंटने सांगितलेला आकडा कितपत खरा ते कळतं. रेडीरेकनरचा दर म्हणजे बाजारभाव नव्हे, तो शुल्क आकारण्याचा पाया आहे. १ एप्रिल २०२५ पासून नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या क्षेत्रात तो राज्यात सरासरी ४.९७ टक्क्यांनी वाढला. 'सरकारनेच भाव वाढवला' असं सांगून त्याच आठवड्यात पाच-पन्नास हजारांनी आकडा वर नेणारे तेव्हाही भेटले असतील. शुल्क वाढलं म्हणून घराची किंमत तेवढीच वाढली, असं होत नाही.

'घराचे भाव कधी उतरत नाहीत' हे तर आपल्याकडे वेदवाक्यच आहे. मुंबईने ते खोटं ठरवलेलं आहे. १९९५-९६ च्या सुमाराला तिथले भाव शिगेला पोचले, मग घसरले आणि पुढची कित्येक वर्षं वर आले नाहीत. तेव्हा हौसेने फ्लॅट घेतलेले कोकणातले कितीतरी चाकरमानी त्या घसरणीत भरडले. जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव दशकाहून अधिक काळ उतरतच राहिले. राहायला घर घेतलेल्याला याचा त्रास कमी होतो, कारण तो राहतच असतो. चढत्या भावावर डोळा ठेवून ऐपतीबाहेर उडी मारणारा मात्र अशा वेळी कायमचा अडकतो.

हप्ता किती ताणला जाईल

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बायको आरोग्य खात्यात. पोलादपुरात भाड्याने राहतात, मुलं महाडला शिकायला जातात. महाडात फ्लॅट बघितलाय. दसऱ्याच्या तोंडावर या घरात काय बोलणं होईल, ते या दोन तालुक्यांतल्या कुणालाही सांगता येईल.

"अहो, दसऱ्यापर्यंत बुकिंग केलं तर मॉड्युलर किचन फुकट देतायत म्हणे."

"किचन देतील गं. पण हप्ता तर आपल्यालाच भरायचाय ना."

"दर खाली आलेत, बँकेतले साहेब सांगत होते. आत्ता नाही घेतलं तर परत वर जातील."

"वर गेले तर आपल्यासाठीही वरच जातील. आत्ता घेतलं म्हणून ते थोडेच थांबणारेत?"

नवऱ्याचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. आपली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. आज दर कमी म्हणून कर्ज घेतलं, तरी तो दर वीस वर्षं आपल्याला मिळणार नसतो. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्या मागोमाग या कर्जांचे दर हलतात, ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उतरू लागला आणि त्या वर्षभरात सव्वा टक्क्याने खाली आला. पाच वर्षांत एवढे चढउतार झाले. वीस वर्षांच्या कर्जात असे फेरे तीन-चारदा येणार, हे धरूनच चालावं.

आकड्यांत बघू. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ७ टक्के. हप्ता येतो १५,५०६ रुपये. तेच कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १८,६४३. महिन्याला तीन हजारांहून जास्त फरक. पण खरी मेख पुढे आहे. ७ टक्क्यांनी कर्ज घेऊन दोन वर्षं नेमाने हप्ते भरले, तरी सुमारे १९ लाख बाकी राहतात, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतांश व्याजातच जातात. त्या वेळी दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेलं कर्ज फिटायला सुमारे ३७ वर्षं लागतील. पंचेचाळिशीतला शिक्षक ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत हप्ते भरतोय, असा त्याचा अर्थ. अशा लांबत गेलेल्या मुदतींमुळेच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं की दर बदलल्यावर कर्जदाराला विचारा, त्याला हप्ता वाढवायचाय की मुदत, आणि स्थिर दराकडे जायचा पर्यायही द्या. हा हक्क आहे, पण मागितल्याशिवाय तो मिळतोच असं नाही.

तेव्हा कसोटी अशी लावावी. आजच्या दरात अडीच टक्के मिळवून हप्ता काढा. तो हप्ता, सोबत मुलांचं शिक्षण आणि घरातल्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी, हे एका पगारात निभत असेल, तर दर कुठेही असो, तुमची वेळ आलेली आहे. निभत नसेल, तर दर कितीही खाली असो, थांबा. थांबण्याला किंमत आहे हे खरं. भाडं जातच राहतं. पण भाड्याच्या घरात जाणारा पैसा ठरलेला असतो आणि पूर आला तर नुकसान सामानापुरतं होतं. न झेपणारा हप्ता अख्ख्या घरादाराला ओढून नेतो.

पुराची रेषा आणि कर्जाची मुदत

आपल्याकडे पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव असतो, दोन रेषांच्या मधे अटी घालून परवानगी मिळते.

'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. तसं होऊ नये. त्याचा अर्थ असा की दर वर्षी तशा पुराची शक्यता एक टक्का. वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर त्या वीस वर्षांत एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता १८ टक्के होते. आणि २५ वर्षांतून एकदा येणारा पूर? वीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के. म्हणजे निळ्या रेषेला टेकून घर घेणाऱ्याच्या बाबतीत कर्ज फिटायच्या आत पूर येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. महाडला हे गणित कुणी शिकवायला नको. २००५ च्या जुलैतला महापूर आणि २०२१ च्या जुलैतला महापूर यांत १६ वर्षांचं अंतर. २००५ मध्ये घेतलेलं वीस वर्षांचं कर्ज दुसऱ्या महापुराच्या वेळी अजून चालूच होतं.

त्यात सावित्रीचं वागणं वेगळं आहे. वर घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस, उतार तीव्र, त्यामुळे पाणी काही तासांत खाली. खाली बाणकोटच्या खाडीची भरती ते अडवून धरते. मधे गाळ साचलेला. २०२१ नंतर नदीतला गाळ काढायची कामं हाती घेतली गेली आणि त्याने दिलासा मिळतो हेही खरं. पण गाळ पुन्हा येतो आणि भरतीचं वेळापत्रक कुणी बदलू शकत नाही. एखाद्या पावसाळ्यात पाणी चढलं नाही, म्हणून बाजारपेठेतल्या तळमजल्याचा भाव वाढतो. ती वाढ गाळ काढण्याच्या कामाएवढीच टिकाऊ.

उतारावरचा देखणा प्लॉट

पाण्याला भिऊन माणूस चढावर जातो. पोलादपुरात चढाला तोटा नाही. आंबेनळीच्या रस्त्याने डोंगरात प्लॉट पाडलेले दिसतात, समोर हिरवी दरी, पावसात धबधबे. बघताक्षणी मन भुलतं. पण २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर उतरला तेव्हा दीडशेहून अधिक माणसं गेली, हे विसरून या उतारांकडे बघता येत नाही. तळीयेची माणसं तर आपल्या वडिलोपार्जित जागेतच राहत होती. मग पोकलेनने डोंगर खरवडून केलेल्या नव्या प्लॉटवर केवढा भरवसा ठेवायचा?

अशा जागी काय बघायचं, ते गुराख्यालाही ठाऊक असतं, फक्त आपण त्याला विचारत नाही. प्लॉटच्या वरच्या अंगाला डोंगर उभा कापलाय का? कापलाय तर त्या कापाला बांध घातलाय का, आणि बांधातून पाणी जायला छिद्रं ठेवलीत का? जुना पऱ्या कुठून वाहत होता? प्लॉट पाडताना तो बुजवला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तो आपली वाट शोधणारच. वरच्या बाजूची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलीत का? तसं असेल तर तिथली माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते आहे. सोडून दिलेल्या भातखाचरांत पाणी तुंबून खाली झिरपतं का? जमिनीला भेग दिसली, नवा झरा फुटला, विहिरीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर त्या जागेची चर्चा तिथेच संपवावी.

दरडप्रवण गावांच्या याद्या प्रशासनाकडे असतात, त्या तहसील कार्यालयात विचाराव्यात. यादीत नाव असेल तर निर्णय सोपा होतो. नाव नसेल, तर फक्त तेवढ्यावर विसंबू नये. यादी गावाची असते आणि डोंगर एखाद्याच वाडीवर येतो.

आषाढ ते कार्तिक

आपल्याकडे घराचा व्यवहार साडेतीन मुहूर्तांवर होतो. दसरा आणि पाडवा तर ठरलेलेच. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. पावसाळा सरलेला, भिंतींवर नुकता हात फिरलेला, पार्किंगमध्ये झेंडूची तोरणं. इमारत वर्षभरात सर्वांत देखणी दिसते ती याच दिवसांत. मुहूर्त सोडा असं मी म्हणणार नाही. श्रद्धेने घेतलेलं घर श्रद्धेच्या दिवशीच घ्यावं. पण त्या मुहूर्ताच्या आधीचे चार महिने कामाला लावावेत.

आषाढ-श्रावण पाहणीचे. भर पावसात, छत्री घेऊन जावं. तेही संततधारेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी. खालून सुरुवात करावी. पार्किंगच्या छतावर तपकिरी डाग आहेत का, म्हणजे आतली सळई गंजते आहे. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तडा आहे का. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचावर लावलेत. ज्या इमारतीने पूर बघितलाय तिथे ते वर सरकवलेले असतात, आणि ती उंचीच पुराची साक्ष. मग वरच्या मजल्यावर जावं. गच्चीखालच्या घरात छताच्या कोपऱ्याला पोपडे आलेत का, खिडकीच्या कडेने ओल उतरते का, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर शेवाळ धरलंय का. भिंतीवर तळहात टेकवून बघावा. ओल डोळ्यांच्या आधी हाताला कळते. परत येताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नमस्कार करून एवढंच विचारावं, "दादा, एकवीस साली पाणी कुठवर आलेलं?" तो बोट दाखवील तिथे स्वतः उभं राहून बघावं. शक्य असेल तर त्याच आळीत एक पावसाळा भाड्याने राहावं. त्या चार महिन्यांच्या भाड्याइतका स्वस्त सल्ला दुसरा नाही.

पितृपक्ष कागदांचा. या पंधरवड्यात कुणी व्यवहार करत नाही, म्हणून बाजार शांत असतो, विकणारा निवांत असतो, वकिलाला वेळ असतो. कागद वाचायला याहून चांगला काळ नाही. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ काढावा, फेरफार मागे मागे जात वाचावेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते. आजोबांपासून चालत आलेली पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-तीन वारलेली आणि वारसनोंद राहिलेली. त्यातल्या एका बहिणीची सही राहिली, की दहा वर्षांनी दावा दाखल. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते बघावं. भोगवटादार वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नगरपरिषद, नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांहून लहान तुकडा नुसता गुंठेवारीने विकत मिळत असेल, तर तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा आणि संकेतस्थळावर तपासावा. १ मे २०१७ पासून रेरा हा कायदा राज्यात पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडावरच्या किंवा आठ आणि त्याहून कमी घरांच्या इमारतींना ही नोंदणी सक्तीची नाही, आणि पोलादपूरसारख्या गावात बऱ्याचशा इमारती तेवढ्याच असतात. म्हणजे छोट्या गावातल्या गिऱ्हाइकाला रेराचं छत्र बहुधा मिळतच नाही. तिथे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र स्वतः बघणं हाच उपाय. जुन्या घरासाठी स्वतंत्र इंजिनिअर नेऊन तपासणी करावी. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने करावीच लागते, पण तारिक गार्डन दहा वर्षांच्या आत पडली. वय हा भरवशाचा दाखला नव्हे.

दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत व्यवहाराचे. पाहणी झालेली, कागद वाचलेले, मग घासाघीस करावी, आणि ती ठाम होते, कारण हातात ओलीचे फोटो, इंडेक्स टूचे आकडे आणि इंजिनिअरचा शेरा असतो. फुकटच्या किचनपेक्षा किमतीतून वजा झालेले पैसे केव्हाही बरे, त्यावर व्याजही वाचतं. महिलेच्या नावाने खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे, ती घ्यावी. घराचा विमा उतरवावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. त्यात पूर आणि दरड दोन्ही येतात. सदोष बांधकामाने पडझड झाली तर मात्र ती कामी येत नाही. त्याचा विमा म्हणजे पावसाळ्यातली पाहणी.

सगळ्यांनाच थांबता येत नाही

थांबा, बघा, वाचा हा सल्ला ज्याच्या डोक्यावर आज धड छप्पर आहे त्याच्यासाठी. धोकादायक इमारतीत किंवा तडे गेलेल्या डोंगराखाली राहणाऱ्याने भाव बघत बसू नये. मिळेल त्या सुरक्षित जागी, भाड्याने का होईना, आधी निघावं. तळीयेच्या लोकांना घराची वेळ निवडताच आली नाही. एका दुपारी सगळं गेलं, मग कंटेनरमध्ये संसार आणि म्हाडाच्या पक्क्या घरांची वाट बघण्यात वर्षं. त्यांच्यासाठी घर म्हणजे बाजारातली वस्तू नव्हतीच, आणि त्यांच्या सुरक्षित जागेची जबाबदारी त्यांच्या बचतीवर ढकलता येणार नाही. ती सरकारचीच आहे.

आणि जे सरकारने करायचं, त्यातलं काही फार खर्चाचं नाही. २००५ आणि २०२१ च्या पुराची उंची महाडच्या प्रत्येक चौकात खांबावर रंगवून ठेवता येईल. बांधकाम परवानगीच्या कागदावर प्लॉट कुठल्या पूररेषेत येतो ते ठळक छापता येईल. दरडीच्या सर्वेक्षणाचे अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवता येतील. ही माहिती उघड झाली, की धोक्याच्या जागेचा भाव आपोआप उतरेल आणि नीट बांधणाऱ्या प्रामाणिक बिल्डरला त्याचं चीज मिळेल. आज दोघांचा भाव सारखाच लागतो, हाच आपल्या बाजाराचा सर्वांत मोठा दोष आहे.

ते होईपर्यंत एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात आहे. साठेखताच्या मसुद्यात एक कलम जास्तीचं घालायला वकिलाला सांगा: या मिळकतीत २००५ आणि २०२१ मध्ये किती फूट पाणी होतं, जमीन खचल्याची किंवा बांधकामाला तडे गेल्याची काही घटना आहे का, हे विकणाऱ्याने लिहून द्यावं. खरं लिहून देणारा विक्रेता भेटला, मग भले तो "तीन फूट होतं" असं लिहो, तर त्याच्याशी बोलणी पुढे न्या. तीन फुटांची किंमत ठरवता येते, जोतं चढवता येतं, वरचा मजला मागता येतो. जो तोंडाने "इथे पाणी कधी आलंच नाही" म्हणतो आणि तेच वाक्य कागदावर सही करून द्यायला कचरतो, त्याच्याकडे दर कितीही उतरलेला असो, तुमची घर घ्यायची वेळ अजून आलेली नाही.